सासूबाईंचा धबधबा

इंदिरा नगर, लखनौ
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय दीप्ती,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू कपाळावर हात मारला असशील. मारून झाला असेल तर पुढे वाच. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला निळी खूण येते आणि पुढे सगळं शांत. पण पोस्टमन दारात उभा राहिला की कागद हातात घ्यावाच लागतो. त्याला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आधी कामाचं. तू माझी फिजिओथेरपिस्ट आहेस. कोर्टाने तुझं आणि राजरत्नचं लग्न मोडलं, त्या निकालात माझ्या गुडघ्यांचा उल्लेख कुठेही नाही. मी स्वतः वाचून पाहिला. तेव्हा अहवाल देणं माझं कर्तव्य आणि वाचणं तुझं. डावा गुडघा गुणी बाळ आहे. उजवा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच तसा. टॉवेलची गुंडाळी करून दाबायचा व्यायाम रोज करते. मुन्शीपुलियाच्या मेट्रो स्टेशनचा जिना रोज चढते, सरकत्या जिन्याकडे ढुंकूनही न बघता. तिथला गार्ड पहिल्या दिवशी म्हणाला, "अम्मा, उधर एस्केलेटर चल रहा है।" मी म्हटलं, "चल रहा है तो चलने दो, भैया. मुझे भी चलने दो." आता तो मला सलाम ठोकतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. मी श्रीलंकेला चालले आहे! आपल्या मंडळाची धम्मयात्रा आहे. पुढारी अर्थातच दत्तूभाऊ मेश्राम. टेलिफोन खात्यातून रिटायर झाले तरी त्यांचं लोकांना जोडणं आणि तोडणं चालूच आहे. त्यांनी नवी शिट्टी विकत घेतली आहे. अनुराधापूर, कँडी, सगळं छान आहे. पण मी नकाशा उघडून बसले तर काय, त्या बेटाच्या मधोमध सगळा डोंगर, आणि डोंगरावरून जिकडेतिकडे धबधबे! मी दत्तूभाऊंना विचारलं, एखादा तरी धबधबा आहे ना आपल्या कार्यक्रमात? ते म्हणाले, "बाई, आपण धम्मयात्रेला चाल्लो, पिकनिकले नाही."

तुला माझी खोड माहीत आहे. उभी नोकरी मी भूगोल शिकवला. किती धबधबे काढले असतील फळ्यावर! एक आडवी रेघ, मग उभ्या रेघा, तळाशी खडू बोटाने पुसून तुषार. आणि वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघावं तर तेलीबाग. परातीसारखी सपाट जमीन. गोमतीसुद्धा वाहते आहे की थांबली आहे ते तिलाच विचारून घ्यावं. या घरात हे फक्त तुला समजलं होतं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तू मला राजदरीच्या धबधब्याला घेऊन गेलीस. आपण दोघी पाण्यात पाय सोडून बसलो आणि तुझा नवरा गाडीत बसून मॅच बघत होता. विमानतळावर नोकरी करतो आणि प्रवासाचा कंटाळा, असा मुलगा मला कुठून झाला कोण जाणे. त्या दिवशी माझा गुडघा सुजला आणि तू म्हणालीस, "आई, याला तयार करू. मग मोठा धबधबा."

तो मोठा धबधबा बघायला मी एकटी चालले आहे, हे काही बरोबर नाही. एवढंच.

बाकी ठीक. राजरत्न बरा आहे. घराला रंग काढला आहे, उगीच. तुझ्या खोलीतला पिस्ता रंग मी बदलू दिला नाही.

तुझी,
चंदा (सही कशी करावी ते कळेना, म्हणून नुसतं नाव)


बंदरवेला, श्रीलंका
१७ डिसेंबर २०२४

दीप्ती,

बस! मी पाहिला!

थांब, नीट सांगते. नाहीतर तू म्हणशील, बाईंचा भूगोल गेला आणि नुसतं उद्गारचिन्ह राहिलं.

आठवडाभर मी बसच्या खिडकीतून धबधबे बघत होते. रंबोडाला दत्तूभाऊंनी बस थांबवलीसुद्धा नाही, नुसती हळू केली. मी खिडकीला नाक लावून बसले होते. शाळेच्या सहलीत मुलं कशी रडकुंडीला येतात ते मला आता कळलं. मग पौर्णिमा आली. इथे पौर्णिमेला सगळ्या देशाला सुट्टी. सगळे पांढरे कपडे घालून विहारात. आम्हीही पांढऱ्या साड्या नेसून सकाळीच निघालो, वेल्लवायाजवळ डोंगरात कोरलेल्या बुद्धमूर्ती बघायला. वाटेत रस्त्यालगतच रावण धबधबा लागतो. चहासाठी थांबावंच लागलं. मी धबधब्यासमोर उभी राहिले ती उभीच. शिट्टी वाजली तशी धावत येऊन बसमध्ये चढले आणि खिडकीची जागा पकडली. मान वळवून धबधबा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

मग जाणवलं की बसमध्ये कोणीच भांडत नाहीये.

दीप्ती, आपल्या मंडळाची बस आणि इतकी शांतता! तेव्हाच समजायला हवं होतं. आजूबाजूला बघते तर सगळ्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, पण एकही चेहरा ओळखीचा नाही. मी दुसऱ्याच बसमध्ये बसले होते. आणि त्यांना तरी काय शंका येणार? तीच पांढरी साडी, तोच सावळा रंग, तसंच नाक. शेजारची बाई माझ्याशी सिंहलीत काहीतरी बोलली. मी हसले. तिला उत्तर पटलं. पर्स मोबाइलसकट आमच्या बसमध्ये राहिलेली. आणि खरं सांगू? घाबरायला हवं होतं, पण बस डोंगर चढायला लागली होती, नि चढाच्या दिशेला धबधबे असतात एवढं मला कळतं.

बस कोस्लंदाच्या बाजूला एका लहान विहारापाशी थांबली. भंतेजी बसलेच होते. सगळ्या पटापट जमिनीवर बसल्या, मीही बसले. बुद्धं सरणं गच्छामि सुरू झालं आणि माझा जीव भांड्यात पडला. भाषा कळत नव्हती ना इतका वेळ! आता त्यांचीही पाली आणि माझीही पाली. मी आपली खणखणीत आवाजात म्हणत सुटले. लहानपणापासूनची सवय, पंचशील माझं झोपेतही चुकत नाही. तिसऱ्या शीलाचे शब्द जरा वेगळे वाटले, ब्रह्मचर्याचे, पण या वयात त्याने काय बिघडतं म्हणून सोडून दिलं. पाचवं झालं, मी हात जोडून उठायच्या बेतात, तर भंतेजींनी सहावं सुरू केलं!

अष्टशील गं! मी सगळ्यांबरोबर आठही शीलं म्हणून बसले होते. दिवसभरासाठी, उद्या सकाळपर्यंत. दुपारनंतर जेवण नाही. नाचगाणं नाही, दागिना-अत्तर नाही. उंच पलंगावर झोपणं नाही. सकाळी चहाबरोबर एक बिस्कीट खाल्लेली मी बाई.

तेव्हा कुठे भंतेजींना इंग्रजीतून सांगितलं की मी हरवले आहे. गळ्यातल्या बिल्ल्यावर दत्तूभाऊंचा नंबर होता. भंतेजींच्याच फोनवरून लावला. तिकडून आवाज, "अवो चंदाबाई, तुमी दुसऱ्याईच्या बसमंदी बसल्याच कशा? इकडं तर माणसं बरोबर भरली ना!" मी म्हटलं, मग माझ्या जागी मोजलं कोणाला? तिकडे पुन्हा मोजणी झाली. मग हळूच म्हणाले, "इथं एक आजीबाई बसल्या आहेत खिडकीपाशी. आमी त्याईले चिक्की देल्ली. त्याईनं खाल्ली." म्हणजे त्या बसमधली बाई आमच्यात आणि मी त्यांच्यात. आजीबाई मजेत होत्या म्हणे, उतरायला तयार नव्हत्या. ठरलं असं, की आमची बस मूर्ती बघून दुपारी येईल आणि अदलाबदल होईल.

तोपर्यंत मी करायचं काय? स्वयंपाकघर सांभाळणारी नंदावती म्हणून एक बाई होती. जाडजूड, हसरी, पाहुण्यांना खोल्या भाड्याने देते म्हणून इंग्रजी बोलते. तिने मला बारा वाजायच्या आत भरपूर जेवू घातलं, भात आणि फणसाची भाजी. मग विचारलं, "दियालुमा धबधबा बघायचा?"

हे विचारणं झालं?

वाट तिच्या घरामागूनच खाली उतरते. छातीपर्यंत उंच गवत, त्यातून ती पुढे आणि मी मागे. पेरूच्या फांदीची काठी तिने तोडून दिली. दुखरा गुडघा उजवा, म्हणून काठीही उजव्याच हातात घट्ट धरली. उतार संपला आणि खडक लागला. दीप्ती, आपण चित्रात धबधबा नेहमी खालून बघतो. ही त्याची वरची बाजू. डोंगराच्या माथ्यावर पाण्याची कुंडं, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, जणू ओट्यावर पातेली उतरत्या क्रमाने मांडली आहेत. पाणी घाई करत नाही. एवढ्या मोठ्या कड्यावरून उडी मारायची आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मी उभ्या जन्मात हे मुलांना शिकवलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

मी साडीसकट पाण्यात बसले. बसले म्हणजे घसरून बसले, पण बसले. मला इतका आनंद झाला की गळा काढून गावंसं वाटलं, आणि आठवलं, गाणं बंद! मी नंदावतीला विचारलं, नुसतं ओरडलं तर शील मोडतं का? तिने बराच विचार केला. मग म्हणाली, शब्द नसतील तर चालेल. मग मी जी काय आरोळी ठोकली! समोरच्या डोंगराने ती परत केली. पुन्हा ठोकली. नंदावतीनेही ठोकली, तिला तर शीलाचं बंधनच नव्हतं, तिने स्वयंपाकासाठी घेतलंच नव्हतं.

शेवटच्या कुंडाच्या बाजूला एक सपाट, कोरडा खडक आहे. त्यावर पालथं झोपून कडेपाशी सरकलं की खाली अख्खा धबधबा दिसतो, थेट रस्त्यापर्यंत. पण एकट्याने जायचं नाही. मागे कुणीतरी पाय घट्ट धरून बसायला हवं. नंदावतीला विहारात परतायची घाई होती, आणि खरं म्हणजे कालपर्यंत परक्या असलेल्या बाईच्या हातात पाय द्यायचं माझं धाडस होईना. मी परत फिरले.

आमची बस आली, अदलाबदल झाली. संध्याकाळी दत्तूभाऊंनी बायकांकडून माझ्या स्वागताला भजी तळून घेतली. कांद्याची, गरम. सगळे माझ्यासमोर बसून खात होते. "खा ना चंदाबाई, चुकून घेतलेलं शील कोण मोजतं!" मी नाही खाल्लं. रात्री गादी खाली ओढून जमिनीवर झोपले. सकाळी उठताना उजव्या गुडघ्याने जे काय ऐकवलं ते तुझ्या पुस्तकातही नसेल. पण शब्द दिला तो दिला.

गुडघे ठणठणीत आहेत. जरासा सुजलाय एक. काळजीचं कारण नाही.

चंदा


इंदिरा नगर, लखनौ
३० डिसेंबर २०२४

दीप्ती,

श्रीलंकेतून टाकलेलं पत्र पोचलं असेल. नसेल तर हे आधी वाचू नकोस. ते आनंदाचं होतं. यात एक गोष्ट आहे जी मी दोन्ही पत्रांत लपवली. घराला रंग उगीच काढला नव्हता.

राजरत्नचं लग्न ठरलं आहे. मार्चमध्ये. मुलीचं नाव अवनी, कानपूरची, बँकेत आहे. चांगली आहे. वाईट असती तर लिहिणं सोपं गेलं असतं. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते. तुला वाईट वाटेल की हायसं वाटेल, मला कळत नाही. कदाचित दोन्ही वाटेल. मला दोन्ही वाटलं.

तुम्हा दोघांचं जमलं नाही. कोणी कोणाला मारलं नाही की फसवलं नाही, नुसतं जमलं नाही. ते मी जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला कोणावर राग नाही. पण तू जाताना दारात मला म्हणालीस, "आता तुम्हाला आई म्हणायचा मला हक्क नाही." तेव्हा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मला उत्तर सुचलं नाही. मला नेहमी उशिराच सुचतं. आता सुचलं आहे.

परवा राजरत्नने तुझ्या नावाचं पाकीट माझ्या हातात पाहिलं. म्हणाला, "मम्मी, अब छोड़ दो ना उसको. अच्छा नहीं लगता यार. अवनी क्या सोचेगी?" मी त्याला म्हटलं, अवनीला विचारून बघते. आणि विचारलंच. फोन केला, म्हटलं, बाळा, माझी एक सून आहे, ती मी टाकणार नाही, तुला चालेल का? ती म्हणाली, "मम्मीजी, वो आपकी हैं तो आपकी हैं. बस, मुझसे उनकी तारीफ़ रोज़ मत करना." मी कबूल केलं. आठवड्यातून एकदा करेन म्हटलं.

तर उत्तर असं. मी त्या विहारात चुकून आठ शीलं घेतली. कोणी सक्ती केली नव्हती, कोणी मोजणार नव्हतं, समोर भजी होती. तरी मी ती पाळली, कारण तोंडातून शब्द गेला होता. तुला तर मी चुकून घेतलं नव्हतं. नागपूरला चार माणसांसमोर, पूर्ण शुद्धीत, माझी मुलगी म्हणून हात धरून घरी आणलं होतं. त्या दिवशी राजरत्नने जे वचन दिलं ते त्याचं. मी दिलं ते माझं. त्याचं संपलं म्हणून माझं कसं संपेल? मला तुझी आठवण येते. स्वयंपाकघरात येते, मेट्रोच्या जिन्यावर येते, आणि त्या कुंडात बसले होते तेव्हा तर इतकी आली की ओरडण्यात थोडं रडणंही मिसळलं होतं. नंदावतीला कळलं नाही. तुला कळलं असतं.

मी परत जाणार आहे. त्या खडकावर पालथं झोपून खाली बघायचं आहे. पाय धरायला तू ये.

चंदा


इंदिरा नगर, लखनौ
१६ जानेवारी २०२५

दीप्ती, दीप्ती, दीप्ती,

तुझं कार्ड आलं! ना प्रिय, ना जय भीम, ना खाली सही. मधोमध एकच वाक्य: "दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात धरायची, हे तुम्हाला किती वेळा सांगितलं आहे?"

मी ते दारातच उभं राहून वाचलं, मग पुन्हा मोठ्याने वाचलं. सब्जीवाले भैया मटार तोलत होते. "क्या लिखा है, अम्मा?" मी म्हटलं, "डाँटा है." ते म्हणाले, "तो आप इतना ख़ुश काहे हो रही हैं?" मी त्यांच्याकडून लागत नसताना दोन किलो मटार घेतले. दिवसभर सोलत बसले होते.

आता सांगते. काठी मी डाव्याच हातात धरली होती. पत्रात मुद्दाम उजव्या लिहिली. तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझ्या आसवांना तू उत्तर दिलं नसतंस, पण चुकीच्या हातातली काठी तुला सहन झाली नसती. रागावू नकोस. भूगोलाच्या बाईंनी चुकीचा नकाशा काढला की वर्गातलं सगळ्यात गप्प मूलसुद्धा हात वर करतं, हे मी नोकरीत शिकले.

तर आता हात वर केलाच आहेस, तर पुढचं ऐक. फेब्रुवारीत, लग्नाच्या गडबडीआधी, मी जाते आहे. अमौसी विमानतळावरून चेन्नई, तिथून कोलंबो. तू नागपूरहून चेन्नईला ये. दत्तूभाऊ नाहीत, शिट्टी नाही. नंदावतीच्या घरी एक खोली सांगून ठेवली आहे. यायचं असेल तर ये, यायचं नसेल तर मी एकटी जाईन, आणि तिथे जो कोणी पर्यटक दिसेल त्याला म्हणेन, बाबा रे, जरा माझे पाय धर. एखादा धरेलही. कसा धरेल ते मात्र सांगता येत नाही. विचार कर.

एक अट नाही, ते आधीच सांगते. आई म्हणायची सक्ती नाही. मिसेस गजभिये म्हण, बाई म्हण, पेशंट म्हण. ये फक्त.

तिकिटाचा तपशील मागच्या बाजूला आहे. डोळे मिटून विचार कर आणि डोळे उघडून बुकिंग कर.

चंदा


कोस्लंदा, श्रीलंका
११ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव राजू,

हे फोनवर सांगितलं असतं तर "मम्मी, प्लीज" म्हणून तू मधेच तोडलं असतंस. पत्र मधेच तोडता येत नाही.

तुला सांगून निघाले होते की मंडळातल्या बायकांबरोबर जाते. बायका म्हणजे एकच बाई आहे आणि ती मंडळात नाही. दीप्ती माझ्याबरोबर आहे. चेन्नईच्या विमानतळावर मी गेटपाशी बसले होते. विमानाची वेळ होत आली तरी ती नव्हती. मी बॅग उचलून रांगेत उभी राहिले, तोंड पाडून. मागून आवाज आला, "पाठ सरळ. बॅग दोन्ही खांद्यांवर घ्या." मी वळले नाही. पाठ सरळ केली आधी. मग वळले. मग आम्ही रांगेत इतकं रडलो आणि हसलो की मागच्या माणसाने आम्हाला वळसा घालून पुढे जाणं पसंत केलं.

वाटेत ती तुझ्याबद्दल एकदाच बोलली. म्हणाली, त्याचं चांगलं होऊ दे. मनापासून म्हणाली, मी तिचा चेहरा बघत होते. तुला हे कळावं असं वाटलं.

आज सकाळी आम्ही दियालुमावर गेलो. उतारावर ती माझ्या खालच्या बाजूला, एक हात माझ्या कोपराखाली, आणि तोंडाने अखंड सूचना. दत्तूभाऊंची शिट्टी परवडली. कुंडात दोघी डुंबलो. या वेळी कुठलंही शील घेतलेलं नव्हतं, त्यामुळे मी गायले, आणि ती म्हणाली की आधीची आरोळी बरी असेल. मग खडकावर गेलो. मी पालथी झाले, तिने माझ्या घोट्यांवर आपलं सगळं वजन टाकलं, आणि मी कोपरांवर सरकत कडेपाशी गेले.

राजू, मी खाली पाहिलं. पाणी माझ्या हनुवटीखालून जात होतं आणि जाता जाता पांढरं होऊन, मग धूर होऊन, तळाशी पोचायच्या आत वाऱ्यात अर्धं विरून जात होतं. रस्ता दोरीएवढा. त्याच्या पलीकडे सगळी सपाट जमीन, क्षितिजापर्यंत. मला अजिबात भीती वाटली नाही. मी किती वेळ तशी पडून होते कोण जाणे. ती म्हणत होती, "अजून बघा, मी धरलंय. घाई नाही." मग मी तिचे पाय धरले आणि ती सरकली. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरट निघाली, डोळे उघडायलाच तिला वेळ लागला. उघडले आणि मग मागे सरकायलाच तयार होईना.

मी लग्नाच्या पुष्कळ आधी घरी पोचते. अवनीच्या साड्यांना फॉल लावायचा आहे, तो मीच लावणार, कोणाला देऊ नकोस. तुझ्या लग्नात मी नाचणार आहे, गुडघ्यांची परवानगी मिळाली आहे. तुझा संसार सुखाचा होवो, हा आशीर्वाद मी पूर्ण मनाने देते, त्यात कुठे हातचा राखलेला नाही. पण दीप्तीला सोड असं पुन्हा म्हणू नकोस. तू ज्या घरात राहतोस त्या घरात तुझ्या आईचीही काही माणसं असू शकतात.

मघाशी वर आलो तेव्हा दोघींच्या केसांतून पाणी निथळत होतं. नंदावतीने कोरा चहा दिला, बरोबर ताडगुळाचा खडा. इथे खडा दाताखाली धरून चहा प्यायची पद्धत आहे. तिने दीप्तीकडे बघून मला विचारलं, "तुमची मुलगी?" मी तोंड उघडेपर्यंत दीप्तीच म्हणाली, "नाही, मी सून. या माझ्या सासूबाई." नंदावतीला फार कौतुक वाटलं. सासू-सून मिळून डोंगर चढायला आलेल्या तिने पाहिल्या नव्हत्या. तिने विचारलं, "मग नवरा कुठे आहे तुझा?"

दीप्तीने गुळाचा खडा गालात सरकवला, शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "नवरा नाहीये. मला फक्त सासू आहे."

तुझी मम्मी